लेबल्ड अँटिबॉडीने पेशी रंगवताना या चुका टाळा

चमकणारा रंग जोडलेल्या (लेबल्ड) अँटिबॉडीने पेशीवरची प्रथिनं ओळखता येतात. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवर सीडी४ हे प्रथिन दिसेनासं झालं की वर्ध्याजवळच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत सगळे आधी फ्लो सायटोमीटरकडे, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिची चमक मोजणाऱ्या मशीनकडे, बोट दाखवतात. लेझर गेला असेल, फिल्टर खराब झाला असेल. पण बहुतेक वेळा नमुना मशीनपर्यंत पोचण्याआधीच काम बिघडलेलं असतं.

एका नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हात) विजेची लाइन सारखी जात होती. एका सहकाऱ्याने काळजीपोटी अँटिबॉडीच्या सगळ्या कुप्या डीप फ्रीझरमध्ये ठेवल्या. पीई (फायकोएरिथ्रिन) आणि एपीसी (अ‍ॅलोफायकोसायनिन) हे अँटिबॉडीला जोडलेले रंग म्हणजे शेवाळ व सायनोबॅक्टेरियातली प्रथिनं. गोठली की त्यांची रचना मोडते आणि चमक जाते. वितळवून ती परत येत नाही. त्यांना २ ते ८ अंशच हवेत. फ्रीजमध्ये जेल पॅक भरून ठेवा आणि लाइन नसताना दार उघडू नका.

सर्वात जास्त जपायचे ते टँडम रंग, म्हणजे दोन रंगांची जोडी. पीई-साय७ मध्ये लेझरची ऊर्जा आधी पीई घेतं आणि साय७ या दुसऱ्या रंगाला देतं, मग साय७ चमकतो. उजेडाने किंवा उष्णतेने ही जोडी तुटली की पीई स्वतःच चमकायला लागतं. मग पेशीवर नसलेलं प्रथिन पीईच्या (पीईचा प्रकाश मोजणाऱ्या) चॅनेलमध्ये ‘दिसतं’. आलेख छान दिसतो, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. मला ही चूक सगळ्यात घातक वाटते. कुपी फॉइलमध्ये गुंडाळा, काम झालं की लगेच फ्रीजमध्ये ठेवा. त्याच कुपीतून, त्याच दिवशी एकट्या रंगाचं कंट्रोल (फक्त तोच रंग लावलेला तुलनेचा नमुना) लावा. मागच्या महिन्याचं कॉम्पेन्सेशन, म्हणजे एका रंगाचा दुसऱ्याच्या चॅनेलमध्ये सांडणारा प्रकाश वजा करण्याचं गणित, चालवू नका. त्या कंट्रोलमध्ये साय७चा सिग्नल घटून पीईचा वाढलेला दिसला, तर कुपी बाद समजा.

रक्ताचं मात्र उलट. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या नळीतलं रक्त बर्फात ठेवू नका, त्याला साधारण १८ ते २५ अंश मानवतात. पण मे महिन्यात गावाहून मोटरसायकलच्या डिक्कीतून आलेल्या नळीला ४५ अंशांची धग लागलेली असते. थर्मोकोलच्या डब्यात आणा आणि जेल पॅक नळीला चिकटू देऊ नका.

आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच. त्यांच्या लाल पेशी लायसिस बफरने (लाल पेशी फोडणाऱ्या द्रावणाने) नीट फुटत नाहीत आणि उरलेल्या पेशी आलेखावर लिम्फोसाइटच्या ढगात घुसतात. लायसिसचा वेळ मनाने वाढवत नेला तर पांढऱ्या पेशीही मरतात. त्यापेक्षा सीडी४५ या पांढऱ्या पेशींवरच्या प्रथिनाची अँटिबॉडी लावून त्यावर गेट करा, म्हणजे तेवढ्याच पेशी निवडा.

मेलेल्या पेशींना अँटिबॉडी उगाच चिकटते, म्हणून व्हायबिलिटी डाय (मेलेल्या पेशी ओळखू देणारा रंग) वापरा. मोनोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असतील तर आधी एफसी ब्लॉक लावा, तो अँटिबॉडीला त्यांच्या एफसी रिसेप्टरवर उगाच चिकटू देत नाही. सिग्नल फिका वाटला म्हणून अँटिबॉडी दुप्पट घालू नका, पार्श्वभूमीही तेवढीच उजळते. नवा लॉट आला की चार-पाच प्रमाणं करून पाहा आणि ज्यात पॉझिटिव्ह व निगेटिव्ह पेशी सर्वात स्पष्ट वेगळ्या दिसतील, ते प्रमाण तारखेसह कुपीवर लिहा.