सरांना मेल पाठवताना: विषय, फाईल, वेळ आणि बाकीचं

दोन तासांच्या मधल्या दहा मिनिटांत, स्टाफरूमच्या दारात उभ्यानं, मोबाईलवर. विद्यार्थ्यांचे मेल बहुतेक वेळा असेच वाचले जातात. म्हणून मेल कसा झालाय हे ठरवायला एकच प्रश्न पुरे: तो वाचून सरांना उलट काही विचारावं लागेल का? ‘तू कोण?’, ‘कुठला वर्ग?’, ‘कुठलं प्रॅक्टिकल?’ यातला एक जरी प्रश्न शिल्लक राहिला, तरी उत्तर ‘नंतर बघू’ या खात्यात जातं. तिथून परत यायला आठवडा लागतो.

सुरुवात पाठवणाऱ्याच्या नावापासून. कॉलेजनं मेल आयडी दिला असेल तर तोच वापरा. नसेल तर स्वतःच्या पूर्ण नावाचा एक साधा आयडी काढा. अकरावीत हौसेनं काढलेला ‘नादखुळा’ किंवा ‘किंग’वाला पत्ता मित्रांसाठी ठेवा. खात्यातलं दिसणारं नावही तपासा. घरातला फोन सगळ्यांचा असेल तर मेल वडिलांच्या नावानं जातो आणि गूगल मीटच्या तासाला हजेरीही त्यांचीच लागते.

मग ‘प्रति’चा रकाना. कोल्हापुरात एकाच कॉलेजात चार पाटील सर आणि तीन पाटील मॅडम असणं नवलाचं नाही. पहिली दोन अक्षरं टाकली की जीमेल यादी पुढं करतं आणि बोट चुकीच्या पाटलांवर पडतं. आद्याक्षरांसह पत्ता पुन्हा वाचा. त्याहून बरं म्हणजे मजकूर आणि फाईल तयार झाल्यावर पत्ता सगळ्यांत शेवटी टाका, म्हणजे अर्धवट मेल चुकून जाणार नाही. कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘अनडू सेंड’ आहे, म्हणजे पाठवलेला मेल काही सेकंदांत परत घेण्याची सोय. मुळात ५ सेकंदांवर असतं, ते ३० करून ठेवा. फाईल जोडायची राहिली हे पाठवल्यावर दहाव्या सेकंदालाच आठवतं.

विषयाची ओळ रिकामी सोडू नका. ‘अर्जंट’, ‘सर प्लीज’, ‘सबमिशन’ या ओळींतून काहीच कळत नाही. वर्ग, रोल नंबर आणि काम या तीन गोष्टी एका ओळीत बसतात. आता पावसाळ्यातला एक नेहमीचा प्रसंग घेऊ. बरेच विद्यार्थी असं लिहितात: ‘सर मी आज येऊ शकत नाही पाणी आलंय प्लीज अॅडजस्ट करा.’ पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली आणि ४३ च्या धोका पातळीकडं निघाली, की गावभर त्याचीच चर्चा असते. पाणी आलंय हे सरांना ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते हे की तुमचं काय बुडतंय आणि तुम्हाला नेमकं काय हवंय. तोच मेल असा लिहा:

विषय: बी.एस्सी. भाग ३, रोल नं. ४२ – २८ जुलैच्या प्रॅक्टिकलला गैरहजर, दुसऱ्या बॅचबरोबर बसण्याची विनंती

आदरणीय पाटील मॅडम,
मी बी.एस्सी. भाग ३, रसायनशास्त्र, बॅच बी मध्ये आहे. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आल्यानं गगनबावडा मार्गावरची एसटी बंद आहे. त्यामुळे सोमवार, २८ जुलैच्या प्रॅक्टिकल क्र. ४ ला मला येता येणार नाही. बॅच सी चं हेच प्रॅक्टिकल गुरुवार, ३१ जुलैला आहे. रस्ता सुरू झाल्यास त्या दिवशी मला बसता येईल का? जर्नल प्रॅक्टिकल ३ पर्यंत पूर्ण आहे.
आपला विद्यार्थी,
(पूर्ण नाव, रोल नंबर, मोबाईल नंबर)

मॅडमना ‘हो, ये’ एवढंच लिहावं लागतं. विनंतीबरोबर तोडगाही दिलाय आणि तारखेला वार जोडलाय. ‘उद्या’, ‘परवा’, ‘आजचं’ हे शब्द मेलमधून काढूनच टाका. मेल रात्री लिहिला आणि सकाळी उघडला गेला, तर ‘उद्या’ म्हणजे कुठला दिवस, हा घोळ उरतोच.

मराठीत लिहायचं की इंग्रजीत? दोन्ही चालतं. मराठी लिहाल तर देवनागरीत लिहा, रोमन अक्षरांतली मराठी वाचताना मध्येच अडखळायला होतं. इंग्रजी येत असेल तेवढीच लिहा. चॅटबॉटकडून लिहून घेतलेला तीन परिच्छेदांचा मेल लगेच ओळखू येतो, त्यात ‘इथे तुमचे नाव लिहा’ हा चौकोनी कंस तसाच राहिला असेल तर विचारायलाच नको. मसुदा कुणाकडूनही घ्या, पण पाच-सहा ओळींवर आणा आणि तारखा स्वतः घाला.

फाईलचं प्रकरण मात्र नीट समजून घ्या, कारण सबमिशन नाकारलं जातं ते बहुधा इथंच. जर्नलच्या चौदा पानांचे चौदा फोटो पाठवू नका. अँड्रॉइड फोनवर गूगल ड्राइव्हच्या अॅपमध्येच स्कॅनची सोय आहे. पान उजेडात सपाट ठेवा, सगळी पानं क्रमानं घ्या, एकच पीडीएफ करा आणि पाठवण्याआधी ती उघडून पान उलटं तर आलेलं नाही ना ते बघा. फाईलचं नाव ‘डॉक्युमेंट १’ किंवा ‘फायनल फायनल नवीन’ असेल तर साठ जणांच्या ढिगात ती हरवते. रोल नंबर, आडनाव, विषय, प्रॅक्टिकल क्रमांक असं नाव द्या. रोल नंबर पुढं ठेवला की फाईली आपोआप ओळीनं लागतात.

जीमेलला जोडलेल्या फाईलींची मर्यादा २५ एमबी आहे. त्याहून मोठी फाईल जीमेल स्वतःच ड्राइव्हवर टाकून तिची लिंक जोडतं आणि खरी गंमत पुढं होते. लिंक फक्त तुमच्यापुरती असेल, तर सरांना फाईलऐवजी परवानगी मागण्याचं पान दिसतं. ते ‘रिक्वेस्ट’ दाबतात, ती विनंती तुमच्या न उघडलेल्या मेलमध्ये पडते आणि मुदत निघून जाते. शेअरिंगमध्ये सरांचा पत्ता घाला किंवा ‘लिंक असलेल्या कुणालाही’ हा पर्याय निवडा. ही दुसऱ्या पर्यायाची लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत (तिथं तुमचं खातं उघडलेलं नसतं) स्वतः उघडून बघा. तिथं उघडली तर सरांकडंही उघडेल.

मराठी विषयाच्या किंवा मराठीत प्रकल्प करणाऱ्या मुलांसाठी आणखी एक. बाहेर डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतलेला मजकूर बऱ्याचदा जुन्या फॉन्टमध्ये असतो, युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरांत) नसतो. तो फॉन्ट सरांच्या कॉम्प्युटरवर नसला की वर्ड फाईलमध्ये अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा दिसतो. वाचायला पीडीएफ पाठवा. सरांना दुरुस्त्या करायच्या असतील तर युनिकोडमधली वर्ड फाईल सोबत जोडा. टाईप करायला देतानाच ‘युनिकोडमध्ये हवं’ असं सांगितलं तर नंतर फॉन्ट बदलण्याची कटकट वाचते.

गूगल क्लासरूम वापरत असाल तर दोन बटणांकडं लक्ष ठेवा. फाईल नुसती अपलोड करून काम होत नाही, ‘टर्न इन’ दाबल्यावरच ती जमा होते. वेळेत जमा केलेली फाईल मुदतीनंतर ‘अनसबमिट’ करून पुन्हा टाकली, तर आधी वेळेत दिली होती तरी ‘लेट’ लागतं. एखादी स्पेलिंगची चूक सुधारायला हे धाडस करू नका. आणि प्रायव्हेट कमेंट फक्त सरांना दिसते, क्लास कमेंट सगळ्या वर्गाला. मार्कांची तक्रार कुठं टाकताय ते बघून टाका.

मार्कांचा विषय निघालाच आहे, तर ‘मला मार्क कमी पडलेत’ याला उत्तरच देता येत नाही. ‘अंतर्गत चाचणी २, प्रश्न ३ ब ला गुण दिलेले दिसत नाहीत, पान ५ चा फोटो जोडला आहे’ यावर लगेच बघता येतं. विभागप्रमुखांना पहिल्याच मेलमध्ये सीसी करू नका, म्हणजे मेलची प्रत पाठवू नका, ती थेट तक्रार वाटते. विद्यापीठाच्या परीक्षेचे गुण मात्र शिकवणाऱ्या सरांच्या हातात नसतात. तिथं उत्तरपत्रिकेची प्रत आणि पुनर्मूल्यांकन यांचा अर्ज ठरलेल्या मुदतीतच करावा लागतो. सरांना मेल करण्यात ती मुदत घालवू नका.

व्हॉट्सअॅपची रीत वेगळी. वर्गाच्या ग्रुपवर सूचना येते, ती आधी पूर्ण वाचा, कारण ‘सर, किती वाजता?’ याचं उत्तर बहुधा दुसऱ्याच ओळीत असतं. सरांनी ‘मेसेज केलास तरी चालेल’ म्हटलं असेल तरच वैयक्तिक मेसेज करा. ‘हाय सर’ लिहून उत्तराची वाट बघत बसू नका, नमस्कार आणि काम एकाच मेसेजमध्ये येऊ द्या. व्हॉइस नोट नको, स्टाफरूममध्ये ती कानाला लावून ऐकणं अवघड. जर्नलचा फोटो पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअॅप तो दाबून लहान करतं आणि आकडे पुसट होतात. रात्री साडेअकराला सुचलं तर लिहा, पण जीमेलमध्ये ‘शेड्यूल सेंड’ लावून सकाळी नऊला जाऊ द्या.

उत्तर नाही आलं तर कामाचे दोन दिवस थांबा, रविवार आणि सुट्टी सोडून. मग त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण करा. विषयाची ओळ बदललीत तर जीमेल नवा धागा सुरू करतं आणि आधीचं सगळं वेगळं पडतं. तरीही शांतताच असेल तर सरळ स्टाफरूममध्ये जाऊन भेटा. उत्तर आलं की ‘मिळालं सर, धन्यवाद’ एवढं जरूर लिहा. तेवढ्यानं ते काम त्यांच्या डोक्यातून उतरतं.

शिफारसपत्र मागताना सगळ्यांत जास्त घाई होते. किमान तीन आठवडे आधी विचारा, आणि आधी फक्त ‘द्याल का?’ एवढंच विचारा. होकार आल्यावर एकाच मेलमध्ये गुणपत्रिका, बायोडाटा, त्यांच्या हाताखाली केलेल्या प्रकल्पाच्या चार ओळी आणि विद्यापीठांची यादी अंतिम तारखांसह पाठवा. परदेशी विद्यापीठं बऱ्याचदा पत्राची लिंक थेट प्राध्यापकांना पाठवतात आणि पत्ता संस्थेचाच हवा असं म्हणतात. सर रोज साधं जीमेल वापरत असतील तर कुठला पत्ता द्यायचा ते विचारून घ्या, आणि लिंक गेली त्या दिवशी ‘स्पॅममध्येही एकदा बघाल का?’ असं कळवा. अंतिम तारखेच्या आठवडाभर आधी एक आठवण पुरे.

कॉलेजचा मेल आयडी शिक्षण संपल्यावर बंद होऊ शकतो. शेवटच्या सेमिस्टरमध्येच गूगल टेकआउटनं मेल आणि ड्राइव्हमधल्या फाईली उतरवून घ्या. कॉलेजनं ती सोय बंद ठेवली असेल तर फाईली एकेक करून उतरवा. मग ज्या सरांकडं पुढं काम पडणार आहे, त्यांना स्वतःच्या पत्त्यावरून एक मेल करून ठेवा, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, शाखा आणि प्रकल्पाचं नाव घालून.