भट्टी लावण्याआधी

सगळ्यात आधी परतीच्या तिकिटाचं बघा. भट्टीत काच वितळवून वस्तू करायची आमची साताऱ्यातली कार्यशाळा गुरुवारी सकाळी सुरू होते आणि रविवारी संध्याकाळी शिकवणं संपतं, म्हणून बहुतेक जण रविवारी रात्रीची गाडी धरून ठेवतात. तसं करू नका. सोमवारी दुपारनंतरची धरा, आणि काम जाड करायचं मनात असेल तर मंगळवारची. शनिवारी रात्री भट्टीत ठेवलेली जाड वस्तू रविवारी वरून निवल्यासारखी वाटली तरी आतून निवलेली नसते. ‘जरा झाकण उचलून बघू’ म्हणत उचललेल्या झाकणाखाली काच तडकल्याचा आवाज मी ऐकलेला आहे. बारीक असतो, अडकित्त्यात सुपारी फुटल्यासारखा. चार दिवसांची मेहनत तेवढ्या आवाजात जाते.

काचेला वेळ लागतो तो वितळायला नाही, निवायला. आपण वापरतो ती ९० सीओईची (सीओई म्हणजे काच तापल्यावर किती फुगते त्याचा आकडा) काच ८०० अंश सेल्सिअसच्या थोडं वर पूर्ण एकजीव होते, आणि तिथे आपण तिला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं ठेवतो. खरं काम पुढे असतं. ४८२ अंशांवर तिला धरून ठेवायचं, म्हणजे आतली आणि वरची काच एकाच तापमानाला येते आणि अंगातला ताण सुटतो. याला अनीलिंग म्हणतात. १२ मिलिमीटर जाडीला तिथे दोन तास, आणि मग ४२७ अंशांपर्यंत ताशी ५५ अंशांनी खाली यायचं. २५ मिलिमीटर जाडीला चार तास, आणि ताशी फक्त १५ अंशांनी. जाडी दुप्पट केलीत तर उतरायला जवळजवळ चौपट वेळ लागतो. तेव्हा हाताला वजन जाणवेल असं शिल्प करायचं की वळवलेल्या पत्र्यासारखं हलकं, हे घरूनच ठरवून या. इथे आल्यावर ठरवायला बसलात तर पहिला दिवस त्यातच जातो.

आकाराची तयारी कागदावर करू नका, किंवा फक्त कागदावर करू नका. साताऱ्याचे लोक अजिंक्यतारा काढून आणतात, कधी कासच्या पठारावरचा तेरडा किंवा सोनकी. किल्ला तुलनेनं सोपा, कारण त्याचा माथा सपाट आहे आणि उतार थरांनी रचता येतो. फूल अवघड. कागदावर पाकळी उभी राहते, भट्टीत ती झोपते. वितळलेल्या काचेला स्वतःची एक जाडी असते, साधारण ६ मिलिमीटर. काचेचे ३ मिलिमीटरचे दोन पत्रे एकावर एक ठेवले तर ती जागच्या जागी राहते. एकच ठेवला तर कडा आत ओढल्या जातात, तीन-चार ठेवले तर बाजूला पसरते. मग उंची कुठून आणायची? तीन वाटा आहेत. चहूबाजूंनी बांध घालून जाड ओतल्यासारखं करायचं. किंवा ७४० ते ७६० अंशांवर थांबायचं, तिथे तुकडे एकमेकांना चिकटतात पण त्यांच्या कडा शाबूत राहतात. किंवा आधी सपाट एकजीव करून, पुन्हा दुसऱ्यांदा भट्टी लावून ६४० ते ६८० अंशांवर साच्यात बसवायचं, नाहीतर साच्यावरून खाली सोडायचं.

या तिसऱ्या प्रकारासाठी घरी एक गोष्ट नक्की करून बघा. पोळीची कणीक थोडी घट्ट मळा, जाडसर गोल लाटा आणि पालथ्या घातलेल्या स्टीलच्या पेल्यावर मधोमध ठेवा. दहा मिनिटांनी बघा चुण्या कुठे पडल्या. गोल मोठा घेतला की चुण्या वाढतात, चौकोन घेतला की चार कोपरे चार टोकांसारखे खाली येतात, मधून जरा सरकवून ठेवला की सगळा झोक एका बाजूला जातो. काच कणकेसारखी तंतोतंत वागत नाही, पण चुण्यांचा हिशोब बऱ्यापैकी तोच असतो. असे पाच-सहा करून, त्यातल्या आवडलेल्याचे चारही बाजूंनी फोटो काढून आणा. मला स्केचबुकपेक्षा ते फोटो जास्त उपयोगाचे वाटतात.

साचे विकत घेऊ नका. खोलगट आकारासाठी कुंभाराकडची मातीची परळ चालते, मात्र बिनचकाकीची, भाजलेली आणि बुडाला हवा जायला बारीक भोक पाडता येईल अशी. भोक नसेल तर खाली अडकलेली हवा काचेला फुग्यासारखी वर उचलते. पालथं घालून वरून काच सोडायची असेल तर मातीचं भांडं नको, स्टीलचा पेला आणा. याचं कारण समजून घ्या, म्हणजे पुढे साचा निवडताना कुणाला विचारावं लागणार नाही. निवताना काचेपेक्षा स्टील जास्त आकसतं, म्हणून आतला पेला आपोआप काचेपासून सुटतो. माती काचेपेक्षा कमी आकसते. तिच्यावर पांघरलेली काच आकसत जाते, माती आतून जागा देत नाही, आणि काच फाटते. म्हणून काच मातीच्या आत, आणि स्टीलच्या बाहेर. पेला बुडाकडे निमुळता असावा आणि त्याची काठाची वळकटी काचेच्या खाली राहील इतका उंच असावा. स्टील चुंबकाला न चिकटणारं असलेलं बरं, त्याला खवले कमी सुटतात.

आता बांगड्या. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण दर कार्यशाळेत कुणी ना कुणी पिशवीतून बांगड्यांची पुडी काढतं. आजीच्या असतात, आईच्या असतात, कधी लेकीच्या लग्नातल्या हिरव्या चुड्यातल्या वाढवलेल्या. एका ताईंनी कंदिलाच्या काचेचा तुकडाही आणला होता, तोही ‘प्रभाकर’चा. कराडजवळच्या ओगलेवाडीत हे कंदील बनत, त्यामुळे आपल्या भागातल्या माणसाला तसा तुकडा टाकवत नाही, हे मला समजतं. त्यांना तो काचेच्या दिव्यात बसवायचा होता.

सुरुवातीच्या काळात मी ‘बघू तरी’ म्हणून अशा बांगड्या पारदर्शक पत्र्यावर ठेवून भट्टीत घातल्या. सकाळी तबक इतकं देखणं निघालं की सगळे भोवती जमले. हिरव्या रेघांच्या कडा वितळून मऊ झाल्या होत्या, खालच्या काचेत पाण्यासारखी सावली पडत होती. ज्यांच्या आजीच्या बांगड्या होत्या त्या बाई ते घेऊन घरी गेल्या. नऊ दिवसांनी फोन आला की टेबलावर ठेवलं होतं, कुणी हातही लावला नव्हता, आणि मधून सरळ फुटलं. त्या बांगड्या परत मिळणार नव्हत्या. चूक माझी होती आणि ती मला अजून बोचते.

कारण असं. प्रत्येक काच तापल्यावर ठरावीक प्रमाणात फुगते आणि निवताना तेवढीच आकसते. सीओई ९० म्हणजे एका अंशाला एक मीटर काच साधारण ९ मायक्रॉन वाढते. ९६ ची ९.६ मायक्रॉन. फरक ऐकायला काहीच नाही. पण २० सेंटिमीटरच्या तबकात, ४८२ अंशांपासून खोलीच्या तापमानापर्यंत येताना, तो जवळजवळ ६ शतांश मिलिमीटर होतो, आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीइतका. दोन काचा एकजीव झाल्यावर त्यांना केसाएवढं सरकायलाही जागा उरत नाही. ताण आत राहतो आणि एक दिवस वाट काढतो. खिडकीची काच ९० च्याही खाली असते. बांगडीची किंवा कंदिलाची किती, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं.

तरीही बांगड्या आणा. फक्त अशा आणा: सगळ्या एकाच डझनातल्या, एकाच रंगाच्या, आणि कामाला लागतील त्यापेक्षा चार जास्त. त्या आपण एकमेकींनाच जोडू, दुसऱ्या काचेला नाही. जास्तीच्या चार चाचणीसाठी. त्यांचा छोटा तुकडा करून, नीट निववून, दोन पोलराइज्ड फिल्म (एकाच दिशेत कंप पावणारा उजेड जाऊ देणाऱ्या पट्ट्या) एक उभी आणि एक आडवी धरून मधे ठेवायचा. जोडाभोवती पांढरा उजेड दिसला तर ताण आहे, काळोख दिसला तर पुढे जायला हरकत नाही. सोनेरी नक्षी आणि टिकल्या जळून जातील आणि रंगही थोडा बदलू शकतो, हे आधीच मनाला सांगून ठेवा. एखादी बांगडी तशीच जपायची असेल तर ती घरीच राहू द्या.

हाच नियम काचवाल्याकडून आणलेल्या तुकड्यांना. फ्रेमवाल्याकडे ३ आणि ४ मिलिमीटरची कातरण पोतंभर पडलेली असते आणि कटरचा हात बसवायला ती उत्तम आहे. घरी रोज पंधरा मिनिटं सरळ रेघा मारा. कटरच्या चाकाला शिलाई मशीनचं तेल लावा, दाब एकसारखा ठेवा, एका रेघेवरून दुसऱ्यांदा जाऊ नका. रेघ बरोबर पडली की कापड टरकावल्यासारखा बारीक सलग आवाज येतो. पांढरा चुरा उडत असेल तर दाब जास्त होतोय. त्यातली काच भट्टीसाठी आणायचीच असेल तर पूर्ण काम एकाच पत्र्यातून कापा.

अंगावर सुती कपडे, पायात बंद बूट. चपला घालून येणाऱ्यांना मी टेबलापाशी उभं राहू देत नाही. ओढणी किंवा पदर खोचलेला असावा, केस बांधलेले. संरक्षक चष्मा आणि एन-९५ मास्क स्वतःचा आणा. काचेचा भुगा करताना आणि भट्टीच्या फळीला लावायच्या चिनीमाती-अ‍ॅल्युमिनाच्या लेपाची पूड कालवताना तो तोंडावर हवाच. चाळिशीचा चष्मा विसरू नका. जवळचं दिसत नसताना कापलेली रेघ कधीच सरळ येत नाही. जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा मऊ तुकडा आणा, दोन आणलेत तर फारच चांगलं. भट्टीत जाण्याआधी प्रत्येक तुकडा धुऊन पुसायचा असतो, आणि आमच्याकडचं बोअरचं पाणी जड आहे. ते काचेवर सुकलं की क्षार राहतात आणि भाजल्यावर तिथे दुधाळ साय धरते. म्हणून शेवटचं पाणी मी फिल्टरचं देते. अंगठ्याचा ठसासुद्धा राहून गेला तर तो तसाच, रेघांसकट, धुरकट होऊन वर आलेला मी पाहिला आहे.

पावसाळ्यातल्या तुकडीसाठी एक वेगळी गोष्ट. जून ते सप्टेंबर साताऱ्यात कशालाच वाळायची घाई नसते. मातीची परळ आणणार असाल तर आठवडाभर आधी गॅसच्या शेगडीजवळ ठेवून कोरडी करा. ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि परळ फुटते, बरोबर वरची काचही. वीज गेली तर काय, असं प्रत्येक जण विचारतो. तापताना गेली तर आल्यावर पुन्हा सावकाश चढवायची. निवताना गेली तर झाकणाला हात न लावता बसायचं, विटा उष्णता धरून ठेवतात. वीज आली की परत ४८२ ला नेऊन ते तास पुन्हा मोजायचे.

येताना एक स्टीलचा डबा आणि एक जुनी गोधडी गाडीत टाका. छोटी वस्तू असेल तर कंदी पेढ्यांचा रिकामा खोकाही पुरतो. राजवाड्यावरून पेढे घेतलेत तर तो इथेच मिळेल. वस्तू आडवी झोपवून न्यायची, उभी नाही, आणि गाडीत मांडीवर.