परवानगीचं पत्र नेमकं कोणासाठी लिहायचं?

एम.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला जे पहिलं पत्र दिलं, ते दोन पानांचं होतं. त्यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 होतं, वाचनसंस्कृतीचा ऱ्हास होता, ग्रामीण भागातल्या मुलांबद्दलची माझी तळमळ होती. शाळांची नावं मात्र नव्हती. तारखाही नव्हत्या.

टेबलावरच्या मॅडमनी ते वाचलं, उलटून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "ताई, तुम्हाला नक्की काय पाहिजे?"

"परवानगी."

"ते दिसतंय. कशाची?"

मी तोंडी सांगायला लागले. चौथीच्या मुलांचं प्रकट वाचन, बारा शाळा, प्रत्येक मुलाला एक छोटा उतारा, वाचताना होणाऱ्या चुकांची नोंद. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हेच लिहून आणा की मग."

मी पत्र परत घेऊन बाहेरच्या बाकावर बसले. राग आला होता, खोटं कशाला बोलू? रात्र जागून लिहिलेलं पत्र होतं. पण त्या बाकावर दीड तास बसल्यावर एक गोष्ट डोळ्यांसमोर घडताना दिसली, आणि आता माझ्याकडे पत्र तपासायला येणाऱ्या प्रत्येक ज्युनियरला मी आधी तीच सांगते.

आपलं पत्र साहेब पहिल्यांदा वाचत नाहीत. ते आवक नोंदवहीत चढतं, त्याच्यावर क्रमांक पडतो, मग ते संबंधित टेबलावर जातं. तिथले लिपिक त्यावर टिपणी लिहितात : अमुक यांनी अमुक कामासाठी परवानगी मागितली आहे, सोबत अमुक कागद जोडले आहेत, परवानगी देण्यास हरकत नसावी, मान्यतेस्तव सादर. ही टिपणी आणि आपलं पत्र एकत्र नस्तीत, म्हणजे फाईलमध्ये, लागून साहेबांपुढे जातं. साहेब टिपणी वाचतात, एखादा प्रश्न विचारतात, सही करतात. म्हणजे ज्या माणसाला आपल्या पत्रावर खरोखर काम करायचं आहे, तो टेबलावर बसलेला आहे, आणि त्याला आपल्या मजकुरातून चार ओळी उचलायच्या आहेत. माझ्या दोन पानांतून उचलण्यासारखी एक ओळ नव्हती. मॅडमनी वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाची टिपणी कशी लिहायची?

दुसरं पत्र एका पानाचं झालं. तेव्हा लिहिलं ते जवळपास असं होतं :

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद, …

विषय : … तालुक्यातील 12 प्राथमिक शाळांमध्ये इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांची वाचन चाचणी घेण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : महाविद्यालयाचे शिफारसपत्र, जा.क्र. …, दि. 22 सप्टेंबर.

महोदय,

मी … महाविद्यालयात एम.एड. द्वितीय वर्षात शिकत असून 'इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकट वाचनातील चुकांचा अभ्यास' हा माझ्या लघुशोधप्रबंधाचा विषय आहे. त्यासाठी सोबतच्या यादीतील 12 शाळांमध्ये 20 नोव्हेंबर ते 15 डिसेंबर या काळात प्रत्येकी एक दिवस चाचणी घेण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.

चाचणी दर विद्यार्थी सुमारे पाच मिनिटांची असून ती मी स्वतः घेईन. शिक्षकांवर कोणतेही काम येणार नाही. भेटीचा दिवस व वेळ मुख्याध्यापकांच्या सोयीने ठरवीन. प्रबंधात विद्यार्थी, शिक्षक किंवा शाळा यांचे नाव येणार नाही.

आपली विश्वासू,

खाली सही, नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक. त्याखाली सहपत्रे : महाविद्यालयाचे शिफारसपत्र, शाळांची यादी, वाचन चाचणीचा नमुना, ओळखपत्राची छायाप्रत.

यातल्या काही जागांवर थोडं थांबायला हवं.

'प्रति'च्या खाली पद लिहायचं, माणसाचं नाव नाही. साहेबांची बदली झाली तरी पत्र जिवंत राहतं. माझ्या वर्गातल्या एकाने आदराने पूर्ण नाव घालून पत्र दिलं होतं. महिनाभरात खुर्चीवर दुसरे साहेब आले आणि त्याला तारीख बदलून तेच पत्र पुन्हा द्यावं लागलं.

विषयाची ओळ लांब झाली तरी चालते. आवक नोंदवहीत बहुधा तीच उतरते, आणि पुढे तुम्ही चौकशीला गेलात की शोधाशोध त्याच ओळीवरून होते. नुसतं 'परवानगी मिळणेबाबत' लिहिलेली पत्रं त्या वहीत किती असतील, विचार करा. 'मिळणेबाबत' ऐवजी 'मिळण्याबाबत' हवं असं माझे मराठीचे सर सांगायचे आणि त्यांचं बरोबरच आहे. पण कार्यालयाच्या कानाला 'मिळणेबाबत'ची सवय आहे, म्हणून मी तिथे भांडत नाही. 'उपरोक्त विषयान्वये आपणांस सविनय सादर करण्यात येते की' ही आगगाडी मात्र मी काढून टाकते. तिच्यामुळे पत्र अधिकृत होतं हा निव्वळ समज आहे. अधिकृत होतं ते संदर्भाच्या ओळीमुळे. मागे एखादी संस्था उभी आहे आणि तिच्या पत्राला जावक क्रमांक (जा.क्र.) आहे, हे टेबलाला दिसावं लागतं. शिफारसपत्र मराठीतच मागून घ्या. 1964 च्या राजभाषा अधिनियमापासून राज्याचा कारभार मराठीतून चालायचा आहे, आणि टिपणीही मराठीतच लिहायची असते. माझ्या महाविद्यालयाने आधी इंग्रजी पत्र हातात ठेवलं होतं. ते मी परत केलं.

शाळांच्या यादीत प्रत्येक शाळेपुढे तिचा यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, घाला. महाराष्ट्रात 27 ने सुरू होणारा 11 अंकी क्रमांक असतो, शाळेत विचारला की मिळतो. 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, पिंपळगाव' एवढंच लिहिलंत तर पिंपळगाव खुर्द की बुद्रुक हा प्रश्न येणार, आणि प्रश्न आला की नस्ती थांबली.

आता सगळ्यात महत्त्वाचं वाक्य : 'शिक्षकांवर कोणतेही काम येणार नाही.' ते मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं, कारण मला ते गृहीतच वाटत होतं. टेबलाला वाटत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये कलम 27 आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. या प्रश्नावर शिक्षक संघटना सतत बोलत असतात. त्यामुळे बाहेरून कुणी शाळेत यायचं म्हटलं की अधिकाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हाच : आमच्या गुरुजींकडून हे काय करून घेणार? माझ्या मागच्या तुकडीतल्या एका मुलीने शिक्षकांना आठ पानी प्रश्नावली भरायला देण्याची परवानगी मागितली होती. तिचं पत्र देखणं होतं, पण हलेना. शेवटी प्रश्नावली दोन पानांवर आणली आणि 'शालेय वेळेनंतर, ऐच्छिक' हे शब्द घातले, तेव्हा कुठे काम झालं.

मागणी देता येण्यासारखी हवी, हे शाळेबाहेरही तितकंच खरं. आमच्या सोसायटीच्या मंडळाने एकदा साध्या शनिवारी रात्री साडेअकरापर्यंत ध्वनिक्षेपक लावायची परवानगी पोलीस ठाण्याकडे मागितली. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री 10 ते सकाळी 6 मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपकाला बंदी घालतात. मध्यरात्रीपर्यंतची सूट वर्षातले फार तर 15 दिवस, तेही सरकारने ठरवलेले. मग त्या अर्जावर कोणता अधिकारी सही करेल? मंडळाच्या पोरांनी आठवडाभर ठाण्याच्या चकरा मारल्या आणि वर 'ओळख नाही म्हणून अडवलं' असं म्हणत राहिली. दहापर्यंतची वेळ टाकून नवा अर्ज दिला, तो मंजूर झाला.

पत्र दोन प्रतींत न्यायचं. एक तिथे द्यायची आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख, आवक क्रमांक अशी पोच घ्यायची. पोच मागायला संकोच वाटतो, विशेषतः समोरची व्यक्ती वयाने मोठी असेल तर. मागा. पुढच्या वेळी 'मी मागच्या मंगळवारी दिलं होतं' म्हणण्यापेक्षा आवक क्रमांक सांगितला की लगेच वही उघडली जाते.

आणि वेळ बघून जा. मार्चमध्ये जाऊच नका, तेव्हा सगळा विभाग मार्च एंडच्या बिलांत बुडालेला असतो. निवडणुकीच्या तोंडावरही नको. शाळांचं म्हणाल तर दिवाळीच्या सुट्टीआधी सत्र परीक्षा असते, डिसेंबर-जानेवारीत सहली आणि स्नेहसंमेलनं. म्हणून मी सुट्टीनंतरचे चार आठवडे मागितले आणि पत्र सप्टेंबरअखेर दिलं. पहिल्या पत्रात तारखा घातल्या असत्या तर बहुधा 'पुढच्या आठवड्यात' असंच लिहिलं असतं.

पाठपुरावा करताना मी एक नियम पाळला : आठवड्यातून एकदाच जायचं, जेवणाच्या सुट्टीनंतर, आणि 'माझं काम झालं का' असं विचारायचं नाही. 'काही कागद कमी आहे का' असं विचारायचं. दुसऱ्या खेपेला खरंच कमी निघाला. चाचणीचा नमुना यादीच्या मागे चिकटून गेला होता. तो पुन्हा दिला आणि पंधराव्या दिवशी परवानगीचं पत्र हातात आलं. गटशिक्षणाधिकाऱ्यांना प्रत गेलेली होती, तरी मी बारा छायाप्रती काढून प्रत्येक शाळेत एक दिली. मुख्याध्यापकांच्या फाईलला कागद लागतो, आणि वरून फोन आला असेल या भरवशावर राहू नये.

इथवर सगळं छान चाललं होतं. तिसऱ्या शाळेत एक मुलगी फार हळू आवाजात वाचत होती, म्हणून मी मोबाइल तिच्यासमोर ठेवून आवाज रेकॉर्ड करायला लागले. मुख्याध्यापक दारात उभे होते. त्यांनी खिशातून चष्मा काढला, परवानगीचं पत्र वाचलं आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, यात रेकॉर्डिंग कुठंय?"

नव्हतंच. चाचणी घ्यायची परवानगी होती. मुलांचा आवाज साठवण्याची नव्हती, आणि पालकांनाही कुणी विचारलेलं नव्हतं. पत्र लिहिताना मी फक्त कागदावर चुकांच्या खुणा करणाऱ्या स्वतःला डोळ्यांसमोर आणलं होतं. पिशवीत मोबाइल असेल, तो बाहेर निघेल, हे सुचलंच नाही. आता मी ज्युनियरना सांगते, पत्र लिहिण्याआधी त्या दिवसाची तालीम मनात करा. शाळेच्या फाटकातून आत गेलात, पिशवी उघडली, काय काय बाहेर काढलंत? फोटो काढणार? कुणाला सोबत नेणार? पोरांना खाऊ देणार? जे जे कराल ते पत्रात यायला हवं.

मी चाचण्या थांबवल्या आणि पुन्हा जिल्ह्याला गेले. या वेळी पत्र आठ ओळींचं होतं. संदर्भात त्यांच्याच परवानगीपत्राचा जावक क्रमांक, विषयात 'वाचन चाचणीचे ध्वनीमुद्रण करण्यास', आणि सोबत पालकांच्या संमतिपत्राचा नमुना. मुद्रण फक्त अभ्यासासाठी वापरेन, प्रबंध मंजूर झाल्यावर पुसून टाकीन, असं एक वाक्य. मॅडमनी मान वर करून पाहिलं, "आता काय राहिलं?" म्हणाल्या, आणि पत्र वाचून झाल्यावर काहीच न विचारता ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी परवानगी आली.

ती परवानगी माझ्या प्रबंधाच्या परिशिष्टात आहे. मार्गदर्शक मॅडमनी पहिला मसुदा तपासला तेव्हा त्या पानावर लाल शाईने एकच गोल होता. मी घाईत 'ध्वनिमुद्रण'मधला 'नि' दीर्घ लिहिला होता. तो जसाच्या तसा टिपणीतून परवानगीपत्रात उतरला होता, आणि त्याच्या खाली साहेबांची सही आणि गोल शिक्का.