साइटवर नकाशाच्या जागी राखाडी चौकोन? या चुका टाळा

पेडण्याच्या एका होमस्टेवाल्यांचा ऐन पावसात फोन आला. "अहो, साइटवर नकाशाच नाही. राखाडी चौकोन येतो, त्यात 'रिफ्यूज्ड टू कनेक्ट' असं काहीतरी." कोड पाहिला तर पुतण्याने ब्राउझरच्या अ‍ॅड्रेस बारमधला पत्ता उचलून आयफ्रेमच्या (दुसरी साइट आपल्या पानात दाखवणारी चौकट) एसआरसीत, म्हणजे पत्त्याच्या जागी, चिकटवलेला.

निम्म्या तक्रारी मला तरी इथेच सापडतात. गूगल मॅप्सचं नेहमीचं पान दुसऱ्याच्या चौकटीत बसायला तयारच नसतं. 'शेअर'मध्ये जाऊन 'एम्बेड अ मॅप'मधला एचटीएमएल कोड घ्यावा लागतो. यूट्यूबचंही तेच: पत्त्यात 'वॉच' असेल तर चालत नाही, 'एम्बेड' हवं.

तरीही चौकोन कोराच राहिला तर एफ१२ दाबून कन्सोल (ब्राउझर चुका दाखवतो ती खिडकी) वाचा. तिथे 'एक्स-फ्रेम-ऑप्शन्स' किंवा 'फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्स' दिसलं, तर दार समोरच्याने आतून लावलंय. तुमच्या कोडमध्ये कितीही खटपट केली तरी ते उघडणार नाही, साधी लिंक द्या आणि मोकळे व्हा. 'मिक्स्ड कंटेंट' दिसलं तर तुमची साइट एचटीटीपीएसवर आहे आणि आतला पत्ता एचटीटीपीचा. एक 'एस' वाढवला की बहुतेकदा काम होतं.

नकाशा दिसू लागला, पण फोनवर पान आडवं सरकायला लागलं. मॅप्सचा कोड ६०० बाय ४५० पिक्सेल मापाचा येतो, फोनची रुंदी ४००च्या आसपास. पुतण्याने मग सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणारा कोड) रुंदी १०० टक्के आणि उंची 'ऑटो' केली. चित्राला हे चालतं, आयफ्रेमला नाही. त्याची उंची थेट १५० पिक्सेलवर येते. नकाशाची पट्टी झाली, तिच्यात मांद्रेचा किनारा कुठला दिसणार! 'अ‍ॅस्पेक्ट-रेशो', म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण, ४/३ लिहिलं आणि प्रश्न मिटला. व्हिडिओला १६/९ द्या.

त्याच पानावर शिगम्याचे डझनभर व्हिडिओही होते. वरचा एक सोडून बाकीच्यांना 'लोडिंग' लेझी करा, म्हणजे वाचणारा खाली सरकल्यावरच ते उघडतील. प्रत्येक आयफ्रेमला टायटल द्या, स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला तेवढाच आधार.

सगळं झाल्यावर पुन्हा फोन: आयफोनवरून बुकिंग करणाऱ्याला चौकटीतलं कॅलेंडर सारखं लॉगिन मागतंय. सफारी २०२० पासून तिऱ्हाईत साइटच्या कुकीज (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या नोंदी) अडवते, म्हणून आतल्या सेवेला पाहुणा ओळखताच येत नाही. चौकट काढली, 'खोली बुक करा' असं बटण ठेवलं आणि ते पान नव्या टॅबमध्ये उघडू दिलं.