माउंट न होणाऱ्या लिनक्स डिस्कमधून डेटा परत मिळवताना

रावेर तालुक्यातील एका केळी व्यापाऱ्याचा संगणक मे महिन्यात माझ्याकडे आला. भर दुपारी वीज गेली, यूपीएसची बॅटरी आधीच उतरलेली होती, आणि वीज आल्यानंतर ज्या डिस्कवर हंगामभराच्या काटा-पावत्यांचा हिशेब होता ती डिस्क ‘बॅड सुपरब्लॉक’ (फाइल सिस्टिमची मूळ माहिती ठेवणारा भाग खराब) असा संदेश देऊन माउंट होईना, म्हणजे फाइली वाचण्यासाठी उघडेना. अशा वेळी हात लगेच ‘एफएससीके’ या फाइल सिस्टिम दुरुस्त करणाऱ्या आज्ञेकडे जातो, तो आवरावा. ही आज्ञा डिस्कवर लिहिते, आणि डिस्कच खराब होत चालली असेल तर उरलेसुरलेही हातचे जाते.

आधी दुखणे ओळखावे. लिनक्सचे अंतर्गत संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये (रोमन लिपीत dmesg) आय/ओ एरर, म्हणजे वाचन-लेखनातील चुका, दिसत असतील, किंवा डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल -ए’मध्ये पेंडिंग सेक्टरांचा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या तुकड्यांचा, आकडा वाढत असेल, तर दोष यंत्रातच आहे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती बंद करून थेट डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्यावी. (आज्ञा येथे देवनागरीत दिल्या आहेत, टंकताना त्या रोमन लिपीत, आणि येथील पर्याय लहान अक्षरांत लिहावेत, अपवाद तेथे सांगितला आहे.)

असा आवाज नसेल, तर दोष कोणताही असो, पहिले काम म्हणजे मूळ डिस्कपेक्षा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर ‘डीडीरेस्क्यू’ने पूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, घेणे. पहिल्या फेरीत ‘-एन’ पर्याय द्यावा, म्हणजे खराब भागात न अडकता चांगला भाग आधी उतरतो. मग ‘-डी -आर३’ देऊन उरलेल्या सेक्टरांवर तीन वेळा प्रयत्न करावेत. किती भाग उतरला याची नोंद ठेवणाऱ्या मॅपफाइलचे नाव दोन्ही वेळा तेच द्यावे. आपल्याकडे वीज मध्येच जाणे नवे नाही, आणि मॅपफाइल असेल तर काम थांबले तेथूनच पुढे सुरू होते. जळगावच्या उन्हाळ्यात मी ही प्रत रात्री, पंख्याखाली घेतो.

प्रतिमेची आणखी एक प्रत काढून पुढचे प्रयोग तिच्यावरच करावेत. ‘लूसेटअप -एफपी --शो’ने, यातील पी मोठ्या (कॅपिटल) अक्षरात, तिची विभाजने लूप उपकरणे म्हणून, म्हणजे जणू खऱ्या डिस्कचे भाग असल्यासारखी, दिसू लागतात. फाइल सिस्टिम ईएक्सटी४ असेल तर प्रथम ‘आरओ,नोलोड’ हे पर्याय देऊन माउंट करून पाहावे. जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही, न चालवता फाइली निव्वळ वाचता येतात, आणि कित्येकदा एवढ्यावरच काम भागते.

व्यापाऱ्याच्या डिस्कवर भागले नाही. ईएक्सटी४ सुपरब्लॉकच्या राखीव प्रती ठेवते, आणि ४०९६ बाइटचा ब्लॉक असेल तर त्यांतील पहिली सहसा ३२७६८ व्या ब्लॉकवर असते. खात्रीसाठी ‘एमकेई२एफएस -एन’ त्या लूप उपकरणावर चालवावे. येथे ‘-एन’ विसरल्यास फॉरमॅटच होतो, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी मी ती ओळ मोठ्याने वाचतो. नंतर ‘ई२एफएससीके -बी ३२७६८’ने दुरुस्ती होते, आणि अनाथ फाइली ‘लॉस्ट+फाउंड’मध्ये नावाऐवजी क्रमांक घेऊन जमा होतात. त्या कोणत्या प्रकारच्या आहेत हे ‘फाइल’ ही आज्ञा सांगते.

तेही फसले तर डिस्क चाळून फाइली शोधणारा ‘फोटोरेक’ उरतो, पण त्यात फाइलींची नावे व फोल्डर मिळत नाहीत. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमसाठी ‘एक्सएफएस_रिपेअर -एन’ने आधी नुसती तपासणी करावी.

व्यापाऱ्याने परत मिळालेला हिशेब कागदी पावत्यांशी ताडून पाहिला, तेव्हा शेवटच्या दोन गाड्यांच्या नोंदी मिळाल्या नाहीत. त्या डिस्कवर उतरण्याआधीच वीज गेली होती.