घरच्या कामात आनंद सापडत नाही? आधी या चुका टाळा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्या जोडप्यांची बैठक असते. वीसेक वर्षं मी तिथे चहा करते आणि गाऱ्हाणी ऐकते. परवाच एकजण म्हणाली, "ताई, घरकाम प्रभूसाठी म्हणून करायचं ठरवलं. पंधरा दिवस झाले, काही वाटतच नाही." पंधरा दिवस! बायबलातल्या स्तोत्र १२८ मध्ये मेजाभोवतीच्या मुलांना जैतुनाच्या रोपांची उपमा दिलीय. जैतून फळायला वर्षं लागतात. मेथीची उपमा असती तर गोष्ट वेगळी होती.

मुलांनी केलेलं काम त्यांच्या पाठीमागे पुन्हा करणं

ही चूक माझी स्वतःची, म्हणून हिच्यावर जास्त बोलते.

नाताळचा फराळ चालला होता. लेक सात वर्षांची. करंज्या भरायला बसली ती हौसेने. सारण दाबून दाबून भरायची आणि कडेला दुधाचं बोट लावायला विसरायची. पहिल्याच घाण्यात तिच्या तीन करंज्या उकलल्या. खोबरं तेलभर पसरून काळं पडलं, तेल फेसाळलं. मी तोंडाने "छान झाल्यात हं" म्हटलं, तिला झोपायला पाठवलं आणि रात्री साडेअकराला ओल्या फडक्याखालच्या तिच्या अठरा करंज्या सोडवून पुन्हा भरल्या. कातण्याने कडाही एकसारख्या केल्या. सकाळी ती डब्यातली एकेक करंजी उलटून बघत होती. "माझ्या कुठायत? मी तर हाताने दाबलेल्या." मी काहीतरी थाप मारली. पुढच्या नाताळाला ती फराळाला बसली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही.

आता घरात कुणाचीही मुलं असोत, त्यांच्या करंज्या मी शेवटच्या घाण्याला ठेवते. उकलल्या तर उकलल्या, तेल तसंही संपत आलेलं असतं. पाहुण्यांच्या ताटलीत त्यातली एक तरी जातेच. बायबलातलंच नीतिसूत्रे १४:४ म्हणतं, बैल नसले की गव्हाण स्वच्छ राहते, पण पीक येतं ते बैलाच्या बळावर. ओटा चकचकीत ठेवायच्या नादात मी बैलच हाकलून दिला होता.

विकतचा फराळ आणला तर हा व्याप वाचतो, हे मला दर वर्षी कुणीतरी सांगतं. वाचतो की. मग डिसेंबरात मुलांना काय देणार, मोबाईल?

प्रत्येक कामाचे पैसे ठरवणं. भांडी लावली दहा रुपये, केर काढला पाच. महिन्याभरात पोरगं विचारतं, "आजीला पाणी दिलं तर किती?"

मार्था आणि मरीया यांची गोष्ट अर्धवट वाचणं

लूकच्या १० व्या अध्यायात प्रभू येशू या दोघी बहिणींच्या घरी पाहुणा येतो; मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते, मार्था वाढण्याच्या धावपळीत असते. त्यावर उपदेश झाला की त्या रविवारी निदान एक नवरा घरी जाऊन बायकोला "तू मार्थासारखी करतेस" असं ऐकवतो आणि जेवायची वाट बघत बसतो. अरे बाबा, प्रभूने मार्थेला स्वयंपाक करू नको असं कुठे म्हटलंय? ती बहिणीशी न बोलता थेट पाहुण्याकडे तिची तक्रार घेऊन गेली, आणि त्याने तिची दगदग दाखवून दिली. आता योहानाचा १२ वा अध्याय उघडा. त्यांचं गाव बेथानी, पुन्हा जेवण, आणि मार्था वाढतेच आहे. काम तेच, कुरकुर मात्र नाही. त्या दिवशी कुरकुरला तो प्रभूचा शिष्य यहूदा.

माझी सवय सांगते. राग आला की हातातलं भांडं खाली ठेवायचं आणि ज्याच्यावर राग आहे त्यालाच हाक मारायची. "मला कुणी मदत करत नाही" असं भिंतीला सांगायचं नाही. "अहो, कुकरच्या तीन शिट्या झाल्या की गॅस बंद करा" एवढं सांगितलं की पुरतं.

नीतिसूत्रे ३१, म्हणजे सद्गुणी स्त्रीचं वर्णन, सुनेला भेट देणं. तो अध्याय एका आईने मुलाला शिकवलेला आहे, पहिलंच वचन बघा. शिवाय त्या बाईकडे दासी होत्या, वचन १५.

काम म्हणजे शाप समजणं. बाग राखायला आदामाला उत्पत्ती २:१५ मध्येच ठेवलं. शाप आणि काटेकुसळं आली ती तिसऱ्या अध्यायात.

रविवारचा सगळा भार एकीवर. उपासनेहून घरी यायला दीड वाजतो, आणि मग मटणाला सुरुवात. घरची बाई शेवटचं गीत मनात वाटण घाटतच म्हणते. आमच्याकडे कांदा-खोबरं शनिवारी रात्रीच भाजून, वाटून होतं. भाजायचं काम ह्यांचं, थोडं करपतं, पण मी बोलत नाही. रविवारी जो आधी घरात पाऊल टाकेल त्याने कुकर चढवायचा. गेल्या रविवारी लेक पुढे पळाली. ती आता चोविशीची आहे. रस्सा खारट झाला होता, आम्ही तो भाकरीबरोबर संपवला.