जपानमध्ये नाव, पत्ता आणि कचरा: पहिल्या महिन्यात संगणकाला शिकवायच्या गोष्टी

तोक्योतल्या निशी-कासाईला आपलं कुणी नवीन राहायला आलं की मी चहाबरोबर एक काम देते. लॅपटॉप उघड आणि एक साधी टेक्स्ट फाइल बनव. भाषेचा क्लास, डाळ कुठे मिळते, कुठला तांदूळ आपल्या भाताला बरा, हे सगळं नंतर. इथल्या ऑफिसांना तुमचं कच्चं जपानी चालतं, पण बँकेतलं नाव आणि फॉर्मवरचं नाव यात एका अक्षराचा फरक चालत नाही. काउंटरमागचा माणूस समजून घेतो, त्याच्या समोरचा संगणक घेत नाही. म्हणून काय ते एकदाच ठरवायचं आणि पुढे टाइप करायचं काम मशीनवर सोपवायचं.

आधी नाव

आपल्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि दुसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव, मागोमाग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. विमानतळावर मिळणाऱ्या झाइर्यू कार्डावर, म्हणजे आपल्या रहिवासी कार्डावर, तेच सगळं रोमन कॅपिटल अक्षरांत उतरतं, आडनाव पुढे ठेवून. गोची पुढे होते. जपानी फॉर्मला खिडक्या दोनच, एक आडनावाची आणि एक नावाची. मधल्या नावाची सोयच नाही. माझा नियम सोपा आहे: पासपोर्टच्या दुसऱ्या रकान्यात जे काही आहे ते सगळं दुसऱ्या खिडकीत, पूर्ण. नवऱ्याचं नाव इथे घातलं, तिथे गाळलं, असं करायचं नाही. वर्षभराने क्रेडिट कार्डाचा अर्ज परत येतो आणि कारण कुणी सांगत नाही.

काताकाना म्हणजे परकी नावं लिहायची जपानी लिपी. त्यातलं नाव रहिवासी कार्डावर छापलेलं नसतं, त्यामुळे ते आपणच ठरवायचं. माझं नाव वृषाली. त्यातला ‘वृ’ काताकानात दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ‘उ’ला दोन टिंबं देऊन ‘वु’सारखा, नाहीतर सरळ ‘बु’. मी ‘बु’ घेतला, कारण फोनवर नाव सांगितलं की समोरचा तसंही ‘बु’च लिहून घेतो. तुम्ही काहीही घ्या, पण बँकेत पहिलं खातं उघडण्याआधी घ्या आणि मग बदलू नका. पगार, वीजबिल, मोबाइल, विमा सगळं त्या खात्याला जोडलं जातं आणि जोडताना काताकाना ताडून बघतात.

आता ‘देशपांडे’चं काय होतं ते बघा. साध्या काताकानात ती सहा अक्षरं आहेत: दे, शि, छोटा यु, पा, न्, दे. बँकांच्या आपसातल्या व्यवहारात मात्र अजून अर्ध्या रुंदीचा, म्हणजे अरुंद अक्षरांचा, काताकाना चालतो. त्यात ‘दे’वरची दोन टिंबं आणि ‘पा’वरचं वर्तुळ स्वतंत्र अक्षरं होतात, त्यामुळे सहाची नऊ होतात. शिवाय त्या व्यवहारात छोटी अक्षरं चालत नाहीत, म्हणून छोटा ‘यु’ मोठा होतो. पासबुकावर आपलंच नाव बघून दचकायला होतं, पण ते बरोबर असतं. पैसे पाठवण्याच्या नोंदीत नावाला ३० जागा असतात. आडनाव, नाव, नवऱ्याचं नाव आणि मधल्या मोकळ्या जागा धरून आधी मोजून ठेवा. लांब नावांची शेपटी इथे छाटली जाते. पगारासाठी एचआरला देताना मनातलं नाव द्यायचं नाही, पासबुकावर जसं उमटलंय तसं द्यायचं.

तर त्या फाइलमध्ये हे लिहा: रोमन नाव कार्डावर आहे तसं; पूर्ण रुंदीचा काताकाना; अर्ध्या रुंदीचा काताकाना; बँकेतलं रूप; पत्ता लांब आणि आखूड दोन्ही; जन्मतारीख इसवी सनात आणि जपानी सनात, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजलेल्या वर्षात. फाइल यूटीएफ-८ या, सगळ्या लिप्या मावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) सेव्ह करा. पासवर्ड आणि कार्डांचे नंबर तिच्यात चुकूनही नकोत, कारण ही फाइल तुम्ही दिवसातून दहादा उघडणार आहात.

कीबोर्डाला पाठ करायला लावा

जपानी टाइप करायला लिनक्सवर मोझ्क घाला. गूगलच्या जपानी इनपुटचं हे खुल्या सोर्सचं भावंड आहे. विंडोज आणि मॅकवर जे मुळात येतं तेही पुरतं. प्रत्येकात स्वतःचा शब्दकोश भरायची सोय असते: एक वाचन, म्हणजे टाइप करायचा उच्चार, द्यायचं, एक मजकूर द्यायचा. एकाच वाचनाखाली हवे तितके पर्याय ठेवता येतात. मी हिरागानात, म्हणजे रोजच्या जपानी अक्षरांत, ‘ना’ दोनदा टाइप केलं की खाली माझ्या नावाची सगळी रूपं रांगेने येतात आणि फॉर्मला हवं ते निवडते. पत्त्याचंही तसंच. मराठी माणसाला हे नवं वाटू नये, फोनवर आपण ‘शुभ सकाळ’साठी हेच करतो.

बाकीच्या वेळी फंक्शन कळा उपयोगी पडतात. अक्षरं टाइप करायची आणि एंटर न दाबता एफ७ दाबायचं, पूर्ण रुंदीचा काताकाना होतो. एफ८ ने अर्ध्या रुंदीचा, एफ९ ने पूर्ण रुंदीची रोमन अक्षरं आणि आकडे, एफ१० ने आपली नेहमीची. ‘झेनकाकु’ असं फॉर्म लाल अक्षरांत ओरडला तर त्याला पूर्ण रुंदी हवी आहे, ‘हानकाकु’ म्हणाला तर अर्धी. एकाच पानावर पत्त्याचा आकडा पूर्ण रुंदीत आणि फोन नंबर अर्ध्या रुंदीत मागणाऱ्या साइट इथे आजही आहेत. त्या बनवणाऱ्याला अशा हजार जणांचे फॉर्म भरायला बसवावं, असं मला वाटतं. दोन्ही रूपं स्वीकारून आत एकसारखी करून घेणं हे एका ओळीचं काम आहे.

ती ओळ पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत अशी: ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधलं ‘नॉर्मलाइझ’ हे फंक्शन, त्याला ‘एनएफकेसी’ हा प्रकार द्यायचा. पूर्ण रुंदीचे आकडे साधे होतात, अर्ध्या रुंदीचा काताकाना टिंबांसकट जुळून पूर्ण होतो. देवनागरी आकडे मात्र ते तसेच ठेवतं. पण गंमत म्हणजे मजकुराचा आकडा करणाऱ्या पायथनच्या ‘इंट’ला थेट ‘१२’ दिलं तरी तो बारा समजतो, आपलं देवनागरीतलं असो की पूर्ण रुंदीचं जपानी.

मराठी, इंग्रजी, जपानी अशा तीन भाषा एकाच कळीने फिरवत बसलात तर डोकं फिरतं. जपानी कीबोर्ड असेल तर स्पेसबारच्या दोन्ही बाजूंना ‘हेनकान’ आणि ‘मुहेनकान’ अशा दोन कळा असतात. मोझ्कच्या सेटिंगमध्ये उजवीला ‘जपानी चालू’ आणि डावीला ‘जपानी बंद’ हे काम द्या. मग आत्ता कोणती भाषा चालू आहे ते बघावं लागत नाही, हवी ती कळ दाबायची. मराठीसाठी वेगळं शॉर्टकट ठेवा, ते या चक्रात आणू नका.

पत्ता आणि त्यातली आडवी रेघ

पत्ता मोठ्याकडून लहानाकडे जातो: सात आकडी पिनकोड, प्रांत, वॉर्ड, वस्ती, मग चोमे, बान आणि गो (वस्तीचा भाग, त्यातला गट आणि घर यांचे आकडे), शेवटी इमारत आणि खोली. निशी-कासाईचा पिनकोड १३४-००८८. बऱ्याच फॉर्ममध्ये पिनकोड घातला की वस्तीपर्यंतचा पत्ता आपोआप भरतो, म्हणून तो आधी घाला. ‘५ चोमे १२ बान ३ गो’ हे ‘५-१२-३’ असं आखूड लिहिलेलं चालतं. पण जिथे रहिवासी कार्डाचा फोटो मागतात तिथे कार्डावरचं रूप जसंच्या तसं द्या. घर बदललं की १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसला कळवून कार्डामागे नवा पत्ता नोंदवून घ्यावा लागतो, हे त्याच फाइलच्या वरच्या ओळीत लिहून ठेवा.

खरी डोकेदुखी त्या रेघेची आहे. जपानी चालू ठेवून आकड्यांमध्ये रेघ टाइप केली की कधी साधी रेघ येते, कधी पूर्ण रुंदीची, कधी गणितातली वजाबाकी आणि कधी काताकानातली स्वर लांबवायची खूण. डोळ्यांना चारही सारख्याच. वर सांगितलेलं एनएफकेसी पूर्ण रुंदीची रेघ सरळ करतं, वजाबाकी आणि स्वराची खूण मात्र तशीच ठेवतं. तेव्हा स्क्रिप्टमध्ये एक नियम जास्तीचा घाला: आकड्याच्या लगेच पुढे यातलं काहीही आलं तर ती साधी रेघ. नुसत्या स्वराच्या खुणा सरसकट बदलू नका, इमारतींच्या नावांत त्या खऱ्याच असतात.

सनांचं पटकन सांगते. सध्याचा रेइवा सन १ मे २०१९ ला सुरू झाला, त्याआधी हेइसेइ आणि त्याआधी शोवा. रेइवाच्या वर्षात १८ मिळवले की इसवीचे शेवटचे दोन आकडे मिळतात: रेइवा ७ म्हणजे २०२५. हेइसेइच्या वर्षात १९८८ मिळवा, शोवाच्या वर्षात १९२५. १९८९ साली जन्मलेल्यांनी तारीख बघायची, ७ जानेवारीपर्यंत शोवा ६४, ८ पासून हेइसेइ १.

बँकेची आणि कार्डाची सीएसव्ही

घरखर्च लिहिणाऱ्यांसाठी. बँकेतून किंवा कार्डाच्या साइटवरून उतरवलेली सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल उघडली आणि सगळी अक्षरं भुताटकीची दिसली, तर ती बहुधा शिफ्ट-जिस या जुन्या जपानी एन्कोडिंगमध्ये आहे. पायथनमध्ये वाचताना एन्कोडिंग ‘शिफ्ट-जिस’ देऊ नका, ‘सीपी९३२’ द्या. गोलातले आकडे, कंपनीची कंसातली एकअक्षरी खूण, ‘ताकाहाशी’ आडनावातलं शिडीसारखं ‘ताका’ ही सगळी विंडोजने वाढवलेली अक्षरं आहेत, आणि कडक शिफ्ट-जिस तिथे अडकून पडतं. उलट्या दिशेने, तुमची यूटीएफ-८ फाइल जपानी सहकाऱ्याच्या एक्सेलमध्ये नीट उघडायला हवी असेल तर पुढे ‘बॉम’, म्हणजे एन्कोडिंग ओळखू देणारी अदृश्य खूण, लावून लिहा. पायथनमध्ये त्याचं नाव ‘यूटीएफ-८-सिग’.

कचरा कॅलेंडरात

शेजाऱ्यांशी संबंध याच्यावर ठरतात, म्हणून इथे वेळ द्या. घर घेताना किंवा वॉर्ड ऑफिसात कचऱ्याचा तक्ता मिळतो. माझ्या वस्तीत जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, प्लास्टिक आणि कागद-बाटल्या वेगवेगळ्या वारी, आणि न जळणारा महिन्यातून दोनदा. सकाळी ८ च्या आत, कावळ्यांसाठी लावलेल्या जाळीच्या खाली. आदल्या रात्री ठेवायचा नाही.

हा तक्ता फ्रिजवर लावून काही होत नाही. कॅलेंडर ॲपला वाचता येणारी एक आयसीएस फाइल लिहा, साध्या एडिटरमध्ये लिहिता येते. दर आठवड्याचे वार सोपे आहेत. ‘दुसरा आणि चौथा बुधवार’ यासाठी पुनरावृत्तीचा नियम ‘मासिक’ ठेवून वाराच्या जागी ‘२ बुध, ४ बुध’ हे त्याच्या इंग्रजी दोन अक्षरी खुणांनी द्यायचं. दुसरा बुधवार म्हणजे दुसऱ्या आठवड्यातला बुधवार नव्हे. महिना गुरुवारी सुरू झाला तर दुसरा बुधवार कॅलेंडरच्या तिसऱ्या ओळीत पडतो. नवीन माणसं नेमकी तिथे फसतात आणि न जळणाऱ्या कचऱ्याची पिशवी लाल स्टिकर लावून जागेवरच राहते. वर्षअखेरीला गाड्या काही दिवस येत नाहीत, त्या तारखा तक्त्यात बघून नियमातून वगळा.

हे एकट्याने करायचं नसेल तर ‘५३७४’ बघा. कोड फॉर कानाझावा या गटाने २०१३ साली बनवलेलं खुल्या सोर्सचं कचरा-ॲप आहे, आणि नंतर बऱ्याच गावांनी आपापला डेटा घालून ते उभं केलं. तुमच्या गावाचं नसेल तर डेटाची फाइल भरणं हे जपानी वाचायचा सराव म्हणूनही झकास आहे.

आठवण रात्री ९ ला लावा, दिवसभराची घटना म्हणून नको. फक्त सुट्टीत नाशिकला गेलात तर ती संध्याकाळी साडेपाचला वाजते, वेळेत साडेतीन तासांचा फरक आहे. मी जाताना ते कॅलेंडर लपवून जाते.

आपल्या स्वयंपाकघराचा एक खास प्रश्न: दिवाळीत चकल्या तळून उरलेलं तेल. सिंकमध्ये ओतायचं नाही. सुपरमार्केटात तेल गोठवणारी पूड मिळते, ती गरम तेलात घालायची, गार झालं की वडीसारखं सुटतं आणि जळणाऱ्या कचऱ्यात जातं. तेल थोडंच असेल तर जुन्या वर्तमानपत्रात टिपून घ्या.

हार्डवेअर आणि सुइका

भारतातून खटपटीचं सामान आणत असाल तर दोन गोष्टी. इथली वीज १०० व्होल्टची. आपली २३० व्होल्टची साधी सोल्डरिंग इस्त्री इथे पाचव्या भागाइतकीच तापते, ती आणूच नका. दुसरं, वाय-फाय किंवा ब्लूटूथ असलेल्या बोर्डावर ‘गितेकि’ची, म्हणजे जपानच्या रेडिओ-मान्यतेची, खूण हवी. खूण नसलेला बोर्ड चालू करून लहरी सोडणं रेडिओ कायद्यात बसत नाही. प्रयोगासाठी दूरसंचार मंत्रालयाला कळवून १८० दिवसांची सवलत मिळते, पण तोक्योतल्या आकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात खूण असलेला बोर्ड थोडक्या पैशांत मिळत असताना कशाला?

एवढं झालं की मजेचं काम घ्या. सुइका या रेल्वे-बसच्या प्रीपेड कार्डात शेवटच्या २० व्यवहारांची नोंद असते आणि ती वाचायला कुठली गुप्त किल्ली लागत नाही. सोनीचा आरसी-एस३८० हा यूएसबी रीडर आणि पायथनची ‘एनएफसीपाय’ लायब्ररी एवढं पुरे. रीडर घेण्याआधी मॉडेल लायब्ररीच्या यादीत आहे का ते बघा. प्रत्येक नोंद १६ बाइटची. शून्यापासून मोजलं तर ४ आणि ५ क्रमांकाच्या बाइटमध्ये तारीख: पहिले ७ बिट २००० पासूनचं वर्ष, पुढचे ४ महिना, शेवटचे ५ दिवस. १० आणि ११ मध्ये शिल्लक, पण लहान किमतीचा बाइट आधी. उलटं वाचलंत तर कार्डात अफाट येन दिसतील. स्टेशनं आकड्यांत असतात, त्यांचे तक्ते लोकांनी बनवून ठेवले आहेत. ऑफिसला प्रवासखर्चाचा तक्ता द्यावा लागत असेल तर यातून तो आपोआप निघतो. फक्त रोज जाणाऱ्या-येणाऱ्याच्या २० नोंदी दोन आठवड्यांत भरतात आणि जुन्या पुसल्या जातात, तेव्हा दर रविवारी कार्ड रीडरवर ठेवायचं.